‘जेवलास का?’ या प्रश्नाचा प्रवास

गेल्या महिन्यात एका सकाळी फेसबुकनं माझीच एक जुनी पोस्ट ‘आठवण’ म्हणून समोर आणून ठेवली. २०१० सालची. मजकूर एवढाच: ‘मेसमध्ये आज परत दुधी.’ तोही रोमन अक्षरांत, कारण तेव्हा मोबाइलवर देवनागरी उमटली तर उमटली, नाहीतर नुसती चौकोनांची रांग. त्या चार शब्दांखाली एकोणीस कमेंटी होत्या. एकानं विचारलं होतं, ‘मग जेवलास का?’ दुसऱ्यानं रूमवर अंडाकरीचं आवतण दिलं होतं. तिसरा दुधीची बाजू घेऊन भांडत होता आणि चौथा त्या भांडणात मुद्दाम तेल ओतत होता.

त्या मंडळींपैकी बहुतेकांची खाती आजही तिथे आहेत. पण आज मी ‘परत दुधी’ असं लिहिलं तर कमेंट एकही येणार नाही. एखादा फोन मात्र करेल, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

तीच माणसं, तेच ॲप, तोच दुधी. मग बदललं काय? ‘हल्ली लोक पूर्वीसारखे राहिले नाहीत’ हे उत्तर सोपं आहे, आणि ते दर पिढी देत आली आहे. जरा उकलून बघू.

असा काही बदल दिसला की समाजाचा अभ्यास करणारे तीन धागे वेगळे काढतात: वय, काळ आणि पिढी. हॉस्टेलवरचा पोरगा दिवसातून चारदा काहीबाही टाकतो. पुढे त्याच पोराच्या मागे घराचा हप्ता आणि बाळाच्या लशी लागल्या की त्याचं टाकणं आपोआप कमी होतं. हा वयाचा परिणाम. इंटरनेट स्वस्त झालं की आजोबा आणि नातू दोघंही एकदमच व्हिडिओ बघायला लागतात, तिथे वयाचा संबंध नाही. तो काळाचा. आणि ऐन उमेदीत जे हातात पडलं त्याचं वळण जन्मभर सोबत येतं, ते पिढीचं. मी अजून मेसेजच्या शेवटी पूर्णविराम देतो, आणि माझी पुतणी त्याचा अर्थ ‘काका चिडलाय’ असा घेते.

हे तीन धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की भलतीकडे बोट दाखवणं सहज होतं. माझ्या आईचंच घ्या. ती रोज सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फोटोवर ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं चित्र पाठवते. घरातले सगळे म्हणतात, वय झालं की माणसं असं करतात. पण तिच्या हातात पहिला स्मार्टफोन आला तो २०१६च्या शेवटी. त्याच सुमारास आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असणाऱ्या चोवीस वर्षांच्या पोराकडेही पहिल्यांदाच तसा फोन आला, आणि तोही सगळ्यांना गुलाबच पाठवत होता. उलट आम्ही कॉलेजवाले, जे आज या गुलाबांना हसतो, ते ईमेल नवीन होतं तेव्हा ‘हा मेल दहा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल’ हे इमानेइतबारे पुढे ढकलत होतो. म्हणून माझ्या मते वय-काळ-पिढीला एक चौथा धागाही जोडायला हवा: इथे येऊन किती दिवस झाले. नवखा माणूस आधी जे सोपं असेल ते वाटतो. गावात नवीन लग्न होऊन आलेली सून जशी पहिल्या वर्षी सगळ्यांकडच्या हळदीकुंकवाला जाते, तसंच हे. (या गुलाबांनी भारतातले फोन इतके भरून गेले की गूगलनं २०१७च्या डिसेंबरात ‘फाइल्स गो’ नावाचं ॲप आणलं, आणि असली चित्रं शोधून एका दमात उडवायची सोय त्यात ठेवली.)

तासाला वीस रुपये

ऑर्कुट हे मित्र जोडणारं संकेतस्थळ २००४च्या जानेवारीत सुरू झालं. ऑर्कुट बुयुक्कोक्तेन या गूगलमधल्या तुर्की अभियंत्याचं ते काम, त्याच्याच नावाचं. अमेरिकेत ते फार चाललं नाही. जीव धरला तो ब्राझील आणि भारतानं.

मी ऑर्कुटवर होतो म्हणजे कुठे होतो, तर कॉलेजच्या फाटकासमोरच्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या खोपटात, समोर पिवळा पडलेला कीबोर्ड आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. तासाला वीस रुपये. अर्धा तास घेतला तर बारा. म्हणजे इंटरनेटवर ‘जायचं’ असायचं, ते आपल्याबरोबर खिशात नसायचं. गेल्यागेल्या स्क्रॅपबुक उघडायचं, आलेले स्क्रॅप, म्हणजे मित्रांनी आपल्या पानावर ठेवलेले निरोप, वाचायचे, प्रत्येकाच्या पानावर जाऊन उत्तर ठेवायचं, वेळ उरला तर एखाद्या कम्युनिटीत डोकवायचं आणि उठायचं. दुपारी विचारलेलं ‘जेवलास का?’ समोरचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचणार. त्यामुळे तो प्रश्न तिथे कुणी विचारतच नव्हतं. लोक लांबलचक लिहीत. एकमेकांना टेस्टिमोनियल देत, म्हणजे मित्रानं आपल्याविषयी लिहिलेलं जाहीर प्रशस्तिपत्र. ते आलं की आपण मंजूर करायचं. मग परतफेड म्हणून त्याचंही लिहायचं. लग्नातल्या आहेरासारखा चोख हिशोब.

म्हणजे आपली पहिली सवय आपल्या स्वभावानं घडवली नाही, कॅफेवाल्याच्या दरानं घडवली. पुढेही बऱ्याचदा तसंच झालं. एसएमएसचे स्वस्त पॅक निघाले तेव्हा शायरी आणि विनोदांचा पूर आला. दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला कंपन्या पॅक चालू देत नसत, पूर्ण दर लावत, म्हणून लोक आदल्या रात्रीच शुभेच्छा पाठवून मोकळे होत. २०११ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं जाहिरातींच्या त्रासापायी दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, मग ती २०० केली. तोवर नोकियाच्या साध्यासुध्या फोनांवरही व्हॉट्सॲप चालायला लागलं होतं, आणि तिथे मोजणारं कुणी नव्हतं. लोक तिकडे गेले ते काही नवलाई म्हणून नव्हे. शंभरावा मेसेज संपला म्हणून गेले.

कट्टा मोकळा कसा पडतो

ऑर्कुटची एक गंमत तेव्हा सगळ्यांना ठाऊक होती. आपल्या पानावर कोण कोण येऊन गेलं त्यांची नावं दिसत. ही सोय आल्यावर हॉस्टेलमध्ये दोन दिवस स्मशानशांतता. तोवर वर्गातल्या एका मुलीचं पान दिवसातून तीनदा बघणारे आता बघेनासे झाले, किंवा चार जणांत मिळून एकाचं खातं वापरायला लागले. दिसणारी एक छोटीशी खूण माणसाचं वागणं कसं पालटते ते तिथे पहिल्यांदा कळलं. नंतर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपनं निळ्या टिका आणल्या तेव्हा हाच खेळ पुन्हा रंगला. लोक वरच्या पट्टीत मेसेज वाचून घ्यायला शिकले, म्हणजे वाचलं तर खरं, पण टीक करडीच.

मग फेसबुक आलं. २०१०च्या मध्यावर भारतात त्यानं ऑर्कुटला मागे टाकलं. याचं कारण विचारलं तर लोक सांगतात, ते जास्त चांगलं होतं. असेलही. पण कट्टा चांगला असतो म्हणून कुणी तिथे बसत नाही. टोळकं तिथे असतं म्हणून बसतात. एसटी स्टँडसमोरच्या कट्ट्यावर दहा जण रोज बसत असतील आणि त्यातले दोघं नव्या चहाच्या गाड्यावर जायला लागले, तर आठवडाभर काहीच फरक पडत नाही. पाचवा गेला की सहाव्याला कट्ट्यावर गेल्यावर कुणी भेटेल याची खात्री उरत नाही. त्यापुढे चार-पाच दिवसांत कट्टा रिकामा. अशा जागेची किंमत तिथे बसणाऱ्यांवर ठरते, त्यामुळे ती चढते तशीच धाडकन उतरते. फार दिवस काही दिसत नाही, आणि मग एकदमच सगळं दिसतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला अधिकृतपणे बंद झालं, पण आमच्यासाठी ते चार वर्षं आधीच पडकं घर झालं होतं. शेवटचा स्क्रॅप कुणाचा होता तेही आठवत नाही.

फेसबुकनं बसायची पद्धतच बदलली. ऑर्कुटवर प्रत्येकाच्या दारात जावं लागे. फेसबुकनं २००६ मध्ये न्यूज फीड आणलं, म्हणजे सगळ्यांच्या घरातली खबर आपल्या उंबऱ्यावर. तेव्हा अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध फेसबुकवरच मोठा आरडाओरडा केला होता, हे आज ऐकून हसू येतं. त्या काळी स्टेटसच्या खोक्यात आपल्या नावापुढे इंग्रजीतलं ‘इज’ आधीच छापलेलं असे. त्यामुळे ‘अमका झोपलाय’, ‘अमका कंटाळलाय’ याच साच्यात लिहावं लागे. २००७च्या डिसेंबरात ते ‘इज’ सक्तीचं राहिलं नाही, आणि लोक मतं मांडायला लागले. एक क्रियापद काढलं तर माणूस आपली खबर द्यायचं सोडून जगाची खबर द्यायला लागतो. हे जरा ताणून म्हणतोय, पण अगदी खोटं नाही.

२००९च्या फेब्रुवारीत लाइकचं बटण आलं. त्याआधी मित्राच्या पोस्टवर हजेरी लावायची तर काहीतरी लिहावं लागे, निदान ‘हा हा हा’ तरी. आता अंगठा पुरे झाला. अंगठ्यांची मोजणी होते, आणि जे मोजलं जातं त्याची लाज वाटू शकते. तीनच लाइक मिळालेली पोस्ट लोक रात्री गुपचूप काढून टाकायला लागले. ‘मेसमध्ये आज परत दुधी’ हे वाक्य मोजणीत टिकणारं नाही. महाबळेश्वरचा फोटो टिकतो.

सगळे पाहुणे एकाच खोलीत

माझ्या मते मोठा बदल घडला तो मात्र बटणामुळे नाही. घडला तो नात्यागोत्यामुळे.

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. जानवशाच्या घरी मित्रांबरोबर आपण एक बोलतो, पंगतीत मामांशेजारी बसल्यावर दुसरं, आणि स्टेजवर फोटोला उभं राहिल्यावर तिसरं. तिन्ही ठिकाणी आपण खरेच असतो. पण हे सगळे लोक एकाच खोलीत आणून बसवले आणि आपल्या हातात माइक दिला, तर काय बोलणार? ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’, एवढंच. इंटरनेटचा अभ्यास करणाऱ्यांनी याला खास नाव दिलंय. मराठीत ‘पाहुणे एकत्र होणं’ म्हटलं तरी भागेल.

फेसबुकवर २०१२-१३च्या पुढे तेच झालं. आधी मित्र होते. मग आत्येभाऊ आले, मग ऑफिसातले साहेब, मग काका, आणि काकांनी आठ वर्षांपूर्वीच्या गोव्याच्या फोटोवर ‘हातात काय आहे?’ अशी कमेंट केली. फोटोत थंड पेयाचीच बाटली होती, पण तो फोटो त्याच दिवशी गायब झाला. त्या क्षणी माणूस मनात एक गणित मांडायला शिकतो: हे कोण कोण वाचणार? खोलीतल्या सगळ्यात अवघड माणसाला चालेल तेच लिहायचं असं ठरतं, आणि असं लिहिण्यासारखं फारच थोडं उरतं. वाढदिवस, प्रमोशन, गणपती, नवी गाडी, आणि श्रद्धांजली.

गप्प झालेली माणसं बोलायची थांबली नाहीत. त्यांनी फक्त जागा बदलली, आणि दार लावून घेतलं.

दहावी ‘अ’, बॅच १९९९

बंद दाराआडची सवय कशी बदलत जाते ते बघायचं असेल तर शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखं ठिकाण नाही. महाराष्ट्रात असा ग्रुप नसलेला चाळिशीचा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पहिला आठवडा: रात्रंदिवस मेसेज. कुणीतरी वर्गाचा फोटो टाकतो, तिसऱ्या रांगेतला चेहरा कुणाचा यावर दीडशे उत्तरं येतात. ज्यांच्याशी शाळेत कधी बोललो नाही त्यांना ‘अरे यार’ म्हणून झालं. दुसरा महिना: भेटायचं ठरतं. हॉटेल की कुणाचं शेत यावर वाद, शेवटी हुरड्याला जमतात, फेटे बांधतात, गुरुजींचा सत्कार होतो. सहावा महिना: निवडणूक येते. एक जण एका बाजूचं फॉरवर्ड टाकतो, दुसरा दुसऱ्या बाजूचं. रात्री अकरा वाजता बेंचवरचा सख्खा मित्र ‘लेफ्ट’ झालेला दिसतो. ॲडमिन नियम लावतो: राजकारण नको, धर्म नको, रात्री दहानंतर काही नको. पुढच्या वर्षी ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक. आणि त्याच सुमारास कुणालाही न सांगता सहा-सात जणांचा दुसरा ग्रुप निघालेला असतो, ज्यात खरं बोलणं चालतं. मोठा ग्रुप सगळ्यांनी वर्षभरासाठी म्यूट केलेला असतो, पण सोडत कुणी नाही. सोडलं तर ते दिसतं ना!

फेसबुकला जे व्हायला आठ वर्षं लागली, ते या ग्रुपला दीड वर्षात होतं: उघडं बोलणं, गर्दी, अवघडलेपण, मग लहान खोलीकडे पळ. दर नव्या ग्रुपात, दर नव्या ॲपवर हा फेरा कमीअधिक वेगानं पुन्हा होतो.

दार लावून घेण्याची एक काळी बाजूही आहे, आणि ती आपल्याच राज्यात दिसली. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मुलं पळवणारी टोळी फिरतेय या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षेकरी माणसं होती ती. चौकात उभं राहून कुणी अशी अफवा ओरडली तर तिला अडवणारा कुणी भेटू शकतो. बंद ग्रुपात ती मामाकडून, मेहुण्याकडून येते, म्हणजे ओळखीच्या हातानं, आणि म्हणून खरी वाटते. देशभरात अशा घटना घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण लावली. नंतर मर्यादा जगभर लागू झाली. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे त्यामुळे एकूण फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटले. २०२०च्या एप्रिलमध्ये, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केल्यावर त्या प्रकारचे मेसेज ७० टक्क्यांनी उतरले. कुणाला उपदेश केला नाही, की कुणाचं मन बदललं नाही. फक्त बोटाला दोनदा जास्त कष्ट पडले. सवयींविषयी सध्या जे काही लिहिलं जातं त्यात मला ही गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते.

पंगतीतला वाढपी

५ सप्टेंबर २०१६ला जिओ बाजारात आलं आणि पहिले काही महिने फुकटच होतं. त्याआधी महिन्याला एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. व्हिडिओ लावला की लोक पाण्याचा नळ चालू राहिल्यासारखे धावत. आता नळाला मीटरच उरलं नाही. ज्यांना टाइप करणं जड जात होतं, तेही आता सहज वावरायला लागले: बोलून पाठवता येतं, बघता येतं, नाचता येतं. या लाटेवर छोट्या व्हिडिओंचं टिकटॉक वाढलं.

टिकटॉकनं एक जुनी अट मोडली. तोवर कुठल्याही ठिकाणी आपल्याला काय दिसणार हे आपण कुणाला जोडून घेतलंय त्यावर ठरे. टिकटॉकला आपले मित्र कोण याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

ते कसं चालतं, हे पंगतीतल्या मुरलेल्या वाढप्यावरून समजेल. तो तुम्हाला ‘काय हवं?’ असं फारसं विचारत नाही. तुमच्या पानाकडे बघतो. मठ्ठा तसाच आहे, जिलेबी संपली, म्हणजे पुन्हा जिलेबी. रिकमेंडेशन म्हणतात ते हेच. तुम्ही कुठला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, कुठे बोट थांबलं, काय परत लावलं, काय कुणाला पाठवलं, याच्या नोंदी जमत जातात. तुमच्यासारखीच जिलेबी संपवणाऱ्या दुसऱ्या माणसानं त्यानंतर काय खाल्लं तेही त्याला ठाऊक असतं, म्हणून तुम्ही न मागितलेला श्रीखंडाचा गोळाही बरोबर तुमच्याच पानात पडतो. नवा व्हिडिओ आला की आधी तो थोड्या पानांवर वाढून बघायचा. खपला तर पुढच्या रांगेला. या वाढप्यात दोषही तोच, जो लग्नातल्या वाढप्यात असतो. तुम्हाला मधुमेह आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि ही पंगत उठत नाही.

याचा एक फायदा प्रामाणिकपणे सांगायला हवा. गावाकडच्या पोरापोरींना पुण्या-मुंबईत ओळखी नसतानाही लाखांनी बघणारे मिळाले. उसाच्या फडात, गोठ्यात, पत्र्याच्या शेडसमोर केलेले व्हिडिओ देशभर गेले. इन्स्टाग्रामवरची शहरी मंडळी त्यांना नाकं मुरडत.

मग गलवान खोऱ्यात भारत आणि चीनच्या सैनिकांत चकमक झाली, आणि पंधरवड्यानं, २९ जून २०२०ला, केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकचे भारतात तेव्हा सुमारे २० कोटी वापरणारे होते. ॲप गेलं. सवय कुठे जाणार? नऊच दिवसांत, ८ जुलैला, इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले. सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. बघणाऱ्यांचं बोट तेच वर सरकत राहिलं, फक्त वरचं नाव बदललं. करणाऱ्यांचं तसं झालं नाही. तिथे जमवलेली माणसं उचलून इकडे आणता येत नव्हती, पुन्हा शून्यातून उभं राहावं लागलं, आणि बरेच जण उभे राहिले नाहीत. नाकं मुरडणाऱ्यांच्या इन्स्टाग्रामवर मात्र वर्षभरात गोठा आणि उसाचा फड दोन्ही येऊन बसले.

मित्र किती टक्के?

आता दुधीच्या पोस्टीला एकोणीस कमेंटी का आल्या होत्या आणि आज का येणार नाहीत, याचं उत्तर जवळ आलंय. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२० मध्ये फेसबुकच्या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. त्या खटल्यात पुढे आलेला आकडा असा: अमेरिकेतले लोक फेसबुकवर जो वेळ घालवतात, त्यातला १७ टक्केच मित्रमंडळींचं काही बघण्यात जातो. इन्स्टाग्रामवर ७ टक्के. उरलेला बराचसा वेळ अनोळखी माणसांचे व्हिडिओ बघण्यात. हा मुद्दा कंपनीनं स्वतःच बचावासाठी वापरला: आम्ही आता मित्र जोडणारं दुकान चालवतच नाही, आमची स्पर्धा टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे. वीस वर्षं ‘मित्रांना जोडतो’ म्हणून सांगितल्यावर!

म्हणजे मी आज दुधीविषयी लिहिलं, तर ते त्या एकोणीस जणांसमोर येण्याचीच शक्यता कमी. आलं तरी त्याच्या वर एक कुत्रा स्केटबोर्डवर चाललेला असेल आणि खाली कुणीतरी पंचवीस लिटरच्या पातेल्यात तांबडा रस्सा ढवळत असेल. त्या दोघांशी माझ्या दुधीनं कशी स्पर्धा करावी?

तसं पाहिलं तर इंटरनेटवर बहुतेक लोक नेहमी बघेच राहिलेले आहेत. याकोब नील्सन या अभ्यासकानं २००६ मध्येच एक ठोकताळा मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते बघतात, नऊ अधूनमधून लिहितात, एकच सतत लिहितो. आमच्या हॉस्टेलच्या दिवसांत जो तो लिहीत होता, तोच खरं तर अपवाद म्हणायचा. खोली लहान होती, सगळे ओळखीचे होते, आणि कॅमेरे वाईट होते.

आपल्याकडे या सगळ्यात एक मधली जागाही तयार झाली आहे, व्हॉट्सॲप स्टेटस. २०१७च्या फेब्रुवारीत आलेली ही सोय मराठी माणसानं ज्या आपुलकीनं उचलली, तेवढी दुसरी कुठली सोय उचललेली मी पाहिली नाही. ‘स्टेटस ठेवणं’ हे आता घरातलं क्रियापद आहे. भाच्याचा वाढदिवस, पंढरीची वारी, नव्या ट्रॅक्टरची पूजा, साहेबांचा अभीष्टचिंतन सोहळा, ज्यांना टोमणा मारायचाय त्यांनाच कळेल असा सुविचार. ज्यांचे नंबर आपल्याकडे आहेत आणि आपला त्यांच्याकडे, त्यांनाच दिसतं. चोवीस तासांत पुसलं जातं. लाइकची जाहीर मोजणी नाही, पण कुणी पाहिलं ती यादी मात्र मिळते. ऑर्कुटवरची ‘कोण येऊन गेलं’ची नावं, दहा-बारा वर्षांनी पुन्हा. फक्त तेव्हा ती यादी बघून आम्ही दबकलो होतो. आज माझी मावशी ती यादी वाचून ठरवते, कुणाला फोन करायचा आणि कुणाशी अबोला धरायचा.

आणि तरुण मुलं? माझ्या पुतणीचं इन्स्टाग्राम खातं उघडलं तर त्यावर तीनच फोटो आहेत. मला वाटलं, ती वापरत नसावी. ती दिवसाचे दोन तास तिथेच असते. सापडलेलं रील मैत्रिणीला पाठवायचं, तिनं उलट दुसरं पाठवायचं, मध्ये शब्द जवळजवळ नाहीतच. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही हेच सांगितलंय, की मित्रांमधली देवाणघेवाण फीडवरून खासगी मेसेजांत गेली. मी तिला विचारलं, ‘पण तुम्ही बोलता कधी?’ ती म्हणाली, ‘हे बोलणंच आहे की.’

मी त्या जुन्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढून आमच्या सात जणांच्या ग्रुपवर टाकला. दोघांनी हसण्याची चिन्हं टाकली. एकानं चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात बराच वेळ नुसता हसतच होता आणि मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या. दुधीच्या बाजूनं भांडणाऱ्यानं फक्त पाहिलं. अंडाकरीचं आवतण देणारा आता पुण्यात नाही, त्याचं दिवसभर काहीच नाही. रात्री साडेदहाला त्याच्याकडून एक रील आलं. कुणीतरी लोखंडी कढईत दुधीचा हलवा परतत होतं. खाली त्यानं काही लिहिलं नव्हतं.